आधी द्रोण कुणाचा?

हिशेब सोपा आहे, पाटीवर होतो. एक स्वयंचलित पर्जन्यमापक दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवतो असं धरा. त्या नोंदीत असतं काय? केंद्राचा क्रमांक, वेळ, किती मिलिमीटर पडला आणि बॅटरी किती उरली. काटकसरीनं बांधली तर वीस बाइटांत मावते. दिवसाच्या 96 नोंदी, वर्षाच्या 35,040. म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीपासून परतीच्या गडगडाटापर्यंत, मधले कोरडे महिनेही धरून, वर्षभराचा पाऊस सुमारे सात लाख बाइटांचा. एक एमबीसुद्धा भरत नाही. वर पत्ता, शिक्का, वेष्टण म्हणून तिप्पट-चौपट वजन धरलं तरी आकडा तीन एमबीच्या आतबाहेर. गुलाबाच्या पाकळ्या गळताहेत, मागं बासरी वाजतेय आणि मधोमध ‘शुभ सकाळ’ फिरतंय असा जो व्हिडिओ तुमचे काका पहाटे सहाला पाठवतात, तो एकटाच वजनानं एवढा असू शकतो. काकांचा व्हिडिओ रोज पोचतो. डोंगरातल्या वाडीचा पाऊस मात्र तालुक्याला कळायला उजाडावं लागतं.

नेटवर्कच्या विद्वानांनी या प्रकरणाला भारदस्त नाव ठेवलंय: संसाधनांचं व्यवस्थापन आणि सेवेचा दर्जा. त्यावर परिषदा भरतात, शोधनिबंधांच्या चळती लागतात, शाली-श्रीफळं होतात. गाभा एवढाच की वाट एक आणि जाणारे फार, तर आधी सोडायचं कुणाला? इंटरनेटचा मूळ स्वभाव ‘जमेल तसं’ असा आहे. आलेलं पॅकेट ओळीनं पुढं सरकवायचं, मावलं नाही तर टाकून द्यायचं, कुणाला काही कळवायचं नाही. पत्राला हे चालतं. चालू बोलण्याला चालत नाही. अर्धा सेकंद उशीर झाला की दोन्हीकडची माणसं एकदम बोलतात, एकदम गप्प होतात आणि मग ‘बोला बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ यात कॉल संपतो. चित्राला तर त्याहून नाही. म्हणून 1998 साली पॅकेटच्या मथळ्यात सहा बिटांची जागा दर्जा लिहायला राखून ठेवली गेली. सहा बिट म्हणजे 64 वर्ग. त्यापुढं चातुर्वर्ण्य परवडलं.

त्याच्या आधी, 1989 साली, ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर या तिघांनी न्याय्य रांगेचं गणित मांडलं होतं. प्रत्येक प्रवाहाला स्वतःची रांग, आणि दाराशी उभ्या यंत्रानं प्रत्येक रांगेतून पाळीपाळीनं उचलायचं. जो सारखं ओतत राहतो त्याचीच रांग तुंबते, ज्याला दोन शब्द सांगायचेत त्याचं काम लगेच होतं. धटिंगणाच्या गर्दीत किरकोळ माणूस चिरडू नये याची सोय. जगभर त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं.

पण हे गणित पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं रोजच्या व्यवहारात होतं, आणि ते चालवणाऱ्या बाई कुठल्या विद्यापीठात गेलेल्या नव्हत्या. रुक्मिणीबाई भावे त्यांचं नाव. त्यांचा मुलगा विनायक 11 सप्टेंबर 1895 रोजी याच गावात जन्मला आणि पुढं विनोबा म्हणून जगाला ठाऊक झाला. घरी फणसाचं झाड होतं. कोवळं फळ धरलं की पोराचा धोशा सुरू: कधी खायचा? फणस पिकला की आई तो फोडायची, गरे द्रोणांत भरायची आणि सांगायची, हे आधी शेजारच्या घराघरांत देऊन ये. सगळे द्रोण पोचले की मग विन्याच्या ताटात गरे. ही आठवण विनोबांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यात कौतुकाची बाब दानाची, हे शाळेतल्या भाषणांमधून आपण ऐकलेलंच आहे. आम्हाला तिथं दुसरंच दिसतं. झाड आपल्या परसात, फळ आपलं, भूक आपल्या पोराची, तरीही वाटपाचा क्रम ठरलेला होता आणि घरचा दांडगा गिऱ्हाईक शेवटच्या नंबरावर होता. द्रोण लहान होते, म्हणून ते आधी जाऊनही पोराला पुरेसं उरत होतं. नेटवर्कमधल्या पावसाच्या नोंदीचं गणित हेच आहे, तसूभरही वेगळं नाही.

आज दाराशी कोण उभं आहे ते पाहा. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद, विश्वचषकाचा अंतिम सामना. हॉटस्टारवर एकाच क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक बघत होते. एवढ्या लोकांना चित्र पुरवायचं म्हणजे काय खेळ असतो! जागोजागी साठवलेल्या प्रती, दर काही सेकंदांनी तुमच्या फोनची नाडी बघून जाड-बारीक होणारं चित्र, रेंज घसरली की चेहरे धूसर पण धावसंख्या शाबूत. संसाधनांचं व्यवस्थापन म्हणतात ते हे, आणि ते अव्वल दर्जाचं होतं. आपण हरलो, पण हरताना स्पष्ट दिसलो.

आणि वाट रुंद करता येत नसेल तर दांडग्याला आवर घालता येतो, हेही करून झालं आहे. मार्च 2020 मध्ये सगळा देश घरात बसला आणि जाळं तुंबेल अशी भीती निर्माण झाली. व्हिडिओवाल्या बड्या कंपन्या एकत्र बसल्या आणि ठरवून टाकलं की 14 एप्रिलपर्यंत मोबाइलवर चित्र 480 पीच्या वर द्यायचं नाही. ना मोर्चा, ना अध्यादेश, ना समितीचा अंतरिम अहवाल. एका दिवसात निर्णय झाला. युरोपातही त्याच महिन्यात असंच झालं. मालिकेतल्या सासूच्या नथीचे मोती कमी चमकले, एवढंच नुकसान. तेव्हा ‘तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे हो’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्याला चहा पाजा आणि मार्च 2020 ची आठवण करून द्या.

आता रांगेच्या दुसऱ्या टोकाचा गिऱ्हाईक. डोंगरउतारावर पुरलेला सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढा जीव आणि एक बॅटरी. त्याला विचार करायला फार वीज लागत नाही, बोलायलाच लागते. रेडिओ चालू ठेवून नुसतं कान देऊन बसणंही जवळपास तेवढंच महाग. म्हणून तो बहुतेक वेळ झोपतो, ठरल्या क्षणी डोळे उघडतो, आकडा सांगतो, पुन्हा झोपतो. (बऱ्याच कचेऱ्यांत ही पद्धत आहे, फक्त आकडा सांगायचं राहतं.) केरळात मुन्नारच्या अँथनियार कॉलनीवरच्या उतारावर अमृता विद्यापीठानं 2009 च्या सुमारास दरडीची सूचना देणारं असं बिनतारी जाळं बसवलं. जमिनीत खोल नळ्या, त्यांत मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारी, उताराचा कल टिपणारी यंत्रं. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी की कोरड्या दिवसांत यंत्रं क्वचित बोलतात, पाऊस वाढला की भराभर. बॅटरीची बचत संकटाच्या वेळी खर्च करायची असते, हे तिथल्या यंत्रांना शिकवलेलं आहे.

या सेन्सरांच्या जाळ्यात एक कुलक्षण असतं आणि ते पेणकरांना लगेच कळेल. सगळ्यांचे निरोप शेवटी एका केंद्राकडे जातात. लांबचे सेन्सर थेट बोलू शकत नाहीत, ते शेजाऱ्याकरवी निरोप धाडतात. त्यामुळे केंद्राच्या अगदी शेजारी जे बसलेले असतात त्यांना स्वतःचा एक आणि इतरांचे शंभर निरोप वाहावे लागतात, आणि त्यांचीच बॅटरी सगळ्यांत आधी संपते. मोठ्या शहराच्या शेजारी असण्याची शिक्षा! पेण तालुक्यात भोगावतीवर हेटवणे धरण झालं. त्याचं पाणी सिडकोच्या नळांतून नवी मुंबईच्या मनोऱ्यांत चढतं, आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटातली गावं वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन उन्हाळा काढत आली. संसाधन पेणचं, सेवेचा दर्जा दुसऱ्याचा. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकाला रायगडातून उदाहरण हवं असेल तर प्रकाशकानं फार फिरू नये.

चेष्टा इथं थांबते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वस्ती, वर जायला पक्का रस्ता नाही, यंत्रं चढवता आली नाहीत, माणसांनी हातानं माती उकरली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. दरडीच्या धोक्यातल्या गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, 20 जुलैला सकाळी, देशातल्या कित्येक मोबाइलांवर कर्कश भोंगा वाजला आणि पडद्यावर आपत्कालीन इशाऱ्याची पाटी आली. दूरसंचार विभागाची चाचणी होती, घाबरू नका. यंत्रणा उत्तम आहे हं, खोटं कशाला बोला. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेनं बनवलेली. ती प्रत्येकाला वेगळा एसएमएस धाडत नाही. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टापूतला प्रत्येक फोन ऐकतो, मग फोन शंभर असोत की लाख. इंटरनेट लागत नाही, नंबर लागत नाही, गर्दीत अडकायचा प्रश्न येत नाही. पण टॉवरनं काय ओरडायचं ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं; सांगणाऱ्याला डोंगरावर काय चाललंय ते कळावं लागतं; आणि कळण्यासाठी ते वीस बाइट रात्री वेळेत पोचावे लागतात. कर्णा आला, कान अजून बसवायचे आहेत.

कर्ण्याचंही फार खरं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वीज गेली आणि वीज गेल्यावर टॉवर गेले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा इथली माणसं बरी आहेत की नाहीत हे मुंबईतल्या लेकरांना दिवसचे दिवस कळेना. पुढच्या वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं, 80 हून अधिक माणसं गेली. तेव्हाही खाली महाड पुरात आणि मदत वर पोचायला दुसरा दिवस. गरज सगळ्यांत मोठी असते नेमक्या त्याच वेळी नेटवर्क सगळ्यांत आधी आडवं होतं.

दर्जा मोजणाऱ्यांच्या वहीत मात्र सगळं ठीक असतं. सरासरीची करामत! दूरसंचार नियामक ट्रायच्या 2009 च्या नियमांत टॉवर बंद राहण्याची मुभा एकूण वेळेच्या 2 टक्क्यांपर्यंत होती. महिन्याचे 720 तास, त्यांचे 2 टक्के म्हणजे चौदा तासांहून थोडं जास्त. ते चौदा तास फेब्रुवारीतल्या एखाद्या सुस्त मंगळवारी घालवलेत की आषाढातल्या अमावस्येला, वहीला फरक पडत नाही. 2024 मध्ये नियम कडक झाले, तिमाहीऐवजी महिन्याचा हिशेब आला, हे चांगलंच. जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट, प्रीपेडवाल्याला वाढीव व्हॅलिडिटी. वाचून बरं वाटेपर्यंत पुढची ओळ येते: नैसर्गिक आपत्तीमुळं बंद पडली असेल तर ही सवलत नाही. आणि हिशेबाचं माप काय? जिल्हा. अख्खा रायगड. उरणच्या बंदरापासून पोलादपूरच्या घाटापर्यंत एकच टोपली. पनवेलच्या गृहसंकुलात फोनला पाच दांड्या आणि डोंगरातल्या वाडीत शून्य, तर जिल्ह्याला अडीच दांड्या मिळाल्या म्हणायच्या.

याच जिल्ह्यात, याच पनवेलला, 2020 साली योट्टाचं अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं. दर्जा टियर चार, म्हणजे सर्वांत वरचा. त्या दर्जाची अपेक्षा अशी की वर्षभरात बंद राहण्याचा एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आत. दोन बाजूंनी वीज, जनरेटर, थंडावा, पहारा. कुणाची तरी लग्नाची छायाचित्रं आणि कुणाचे तरी बँकेचे ताळेबंद तिथं सुखरूप झोपलेले असतात. आमची त्याला अजिबात हरकत नाही. रायगडच्या मातीवर काय जमू शकतं ते त्यानं दाखवून दिलं, एवढंच ध्यानात ठेवायचं.

मग जमलेलं एकही उदाहरण नाही का? आहे, आणि ते रोह्यापासूनच सुरू होतं. कोकण रेल्वे. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, 51 प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर रेल्वेनं कात टाकली. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, अनेक वर्षं ते 10 जूनला लागू व्हायचं. माणगावपासून उडुपीपर्यंत ठरावीक स्टेशनांवर स्वयंनोंद पर्जन्यमापक बसले. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांना पुराचा इशारा देणारी यंत्रं लागली. पानवल, मांडवी, जुवारी, शरावती इथल्या पुलांवर वारा मोजतात. यंत्रं काही जगावेगळी नाहीत. जगावेगळं हे की आकडा वाढला की कुणी काय करायचं ते लिहून ठेवलेलं आहे. मुसळधार लागला की गाडी ताशी 40 किलोमीटर. धोका वाढला की गाडी थांबते, मग आत मंत्री असो की मासळीवाली. गस्तवाला रात्रभर रुळावर चालतो. वीस बाइटांच्या शेवटी एक माणूस जागा आहे आणि त्याच्या हातात लाल दिवा आहे. दर्जा म्हणतात तो हा. खंत एवढीच की रुळाला कान मिळायला दोन अपघात लागले, आणि रुळांवरच्या डोंगरात राहणाऱ्यांचे त्याहून किती तरी जास्त जीव जाऊनही त्यांच्यासाठी तसं वेळापत्रक निघालेलं नाही.

पैशाचं रडगाणं आता येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 2002 पासून टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के रक्कम गावाखेड्यांच्या सेवेसाठी वेगळी निघते. आता त्या निधीला डिजिटल भारत निधी म्हणतात. पाच टक्के म्हणजे विसावा हिस्सा. गागोद्याच्या मुलानं 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागितली, 80 एकरांची गरज होती, रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. पुढं देशभर पायी फिरताना त्यांची मागणी सहाव्या हिश्श्याची असायची. आम्ही विनोबा नाही, आम्हाला सहावा हिस्सा नको. आम्हाला विसाव्याचासुद्धा विसावा पुरेल, फक्त तो रांगेच्या पुढच्या टोकाला हवा. भूदानाचं पुढं काय झालं तेही विसरू नये. जमिनी मिळाल्या, कित्येक खडकाळ निघाल्या, कित्येक कज्जात अडकल्या, वाटप कागदावर राहिलं. भारतनेटच्या केबलीनं तोच वसा घेतल्यासारखा वाटतो. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं की तिची गणना ‘सर्व्हिस रेडी’त होते. नवरदेव घोड्यावर बसला की लग्न लागलं असं मानणारं खातं आहे ते.

आणि ‘सगळ्या डेटाला समान वागणूक’ या तत्त्वाची सबब तर कुणी सांगूच नये. ट्रायनं 2017 च्या शिफारशींत आणि सरकारनं 2018 मध्ये ते तत्त्व स्वीकारताना आपत्कालीन सेवांसाठी अपवाद ठेवलेला आहे. वाडीच्या पावसाला पुढं सोडायला कायदा आडवा येत नाही. आडवं येतं ते एवढंच की पावसाची नोंद रिचार्ज मारत नाही.

केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत आता ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायचा बेत आहे. बसतील तेव्हा फीत कापली जाईल, नारळ फुटेल, फोटो निघेल, आणि तो फोटो रेंज असलेल्या ठिकाणाहून लगेच अपलोड होईल. त्याआधी एक काम करा. गागोद्यात, पेणच्या आणि रोह्याच्या गावागावांत 15 ऑगस्टला ग्रामसभा भरेल, नाहीतर 2 ऑक्टोबरला भरेल. उठून विचारा: आमच्या वाडीचा पाऊस कुठल्या केंद्रात मोजतात आणि ते किती लांब आहे? वीज गेल्यावर आमच्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते? आकडा धोक्याच्या वर गेला तर रात्री दोन वाजता फोन कुणाचा वाजतो, आणि तो माणूस पुढं काय करतो? ‘बघतो’, ‘कळवतो’ यावर खाली बसू नका. उत्तर लेखी मागा, त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या, पोच घेऊन.